परागकणांवरनं जुना पाऊस शोधायचाय, मग समुद्रातला गाळ घ्यायचा का घाटावरचा चिखल?

तुम्ही विद्यापीठात बॉटनी, जिऑलॉजी नाहीतर एन्व्हायर्नमेंट करताय, परागकण मोजून जुनं हवामान आणि जुनं रान शोधायचं डोक्यात घेतलंय, आणि गाडी एकाच ठिकाणी अडलीय, सॅम्पल कुठला घ्यायचा. अरबी समुद्राच्या तळाचा कोअर, म्हणजे नळी घुसवून काढलेला गाळाचा उभा दांडा, मिळतोय का बघायचं, की इथंच कोल्हापूरजवळच्या सह्याद्रीत एखादं तळं, दलदल, ओढ्याकाठचा काळा चिखल गाठायचा. दरवर्षी कुणी ना कुणी हे विचारतंय आणि दरवर्षी मी वेगवेगळ्या तुकड्यांत सांगतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आधीच सांगतो, दोन्हीला समान मार्क देणार नाही.

ज्यांना विषयच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. परागकणाची बाहेरची भिंत स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाची असते, ती इतकी चिवट की आम्लात उकळली तरी टिकते, आणि हवा लागली नाही तर गाळात हजारो काय लाखो वर्षं राहते. प्रत्येक झाडाच्या कुळाचा कणाचा आकार, भोकं, खाचा, नक्षी वेगळी. गाळाचा प्रत्येक थर विरघळवायचा, उरलेले कण मोजायचे, टक्केवारी काढायची, की त्या काळात आजूबाजूला कसलं रान होतं याचा अंदाज येतो, आणि रानावरनं पावसाचा. असे टक्केवारीचे आलेख पहिल्यांदा नीट मांडले स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्टनी, १९१६ साली. तो माणूस दलदलीतल्या पीटवर, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थरावर, काम करत होता, समुद्राचं खूळ नंतरचं.

आता समुद्राकडे वळू, कारण सगळ्यांना आधी तेच भारी वाटतं. जहाज, पिस्टन कोअरर म्हणजे तळात नळी घुसवायचं यंत्र, दहा-वीस मीटरचा गाळाचा नळा, ऐकायलाच लय भारी. पण समुद्राचा खरा फायदा परागकणांत नाहीच आहे, हे माझं ठाम मत. परागकण जमिनीवरच्या तळ्यात जास्त मिळतात, चांगले मिळतात, आणि कुठनं आले ते सांगणंही सोपं. समुद्राचा फायदा म्हणजे त्याच चमचाभर गाळात परागकणांच्या शेजारी फोरॅमिनिफेरा बसलेले असतात. हे एकपेशीय जीव, यांची कॅल्शियम कार्बोनेटची बारीक शिंपली असते, आणि त्या शिंपल्यातल्या ऑक्सिजनच्या आयसोटोपवरनं, म्हणजे हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरनं, त्या वेळचं पाण्याचं तापमान, खारटपणा आणि जगभरात किती बर्फ साठला होता याचा मेळ लावता येतो. म्हणजे रान काय म्हणतंय ते परागकण सांगणार आणि समुद्र काय म्हणतोय ते फोरॅम सांगणार, दोघांची साक्ष एकाच थरातली, त्यामुळं आधी कोण बदललं, पाऊस का रान, यावर भांडताना घड्याळाचा घोळ मधे येत नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे रेकॉर्ड शेजारी ठेवले की दोघांच्या डेटिंगमधल्या, म्हणजे वय काढण्यातल्या, शंभर-दोनशे वर्षांच्या चुकीतच अर्धा वाद जातो.

आपल्या बाजूच्या समुद्रात हे काम जुनं आहे. एलिझ व्हान कांपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली अरबी समुद्रातल्या कोअरवरनं दीड लाख वर्षांचा ऑक्सिजन आयसोटोप आणि परागकणांचा एकत्र रेकॉर्ड छापला, आणि १९८६ ला व्हान कांपोंनी एकट्यांनी नैऋत्य भारतासमोरच्या दोन कोअरवरनं गेल्या वीसेक हजार वर्षांचा मान्सून मांडला. हिमयुगाच्या ऐन थंडीत इकडं कोरडं, नंतर पाऊस वाढत गेला, साधारण ११,००० वर्षांपूर्वी चांगला ओला काळ. मग १९९४ ला काराटिनी आणि सहकाऱ्यांनी कारवारसमोरचे कोअर घेतले, म्हणजे आपल्यापासनं अगदी शेजारीच, आणि त्यात त्यांना दिसलं की साधारण ३५०० वर्षांपासनं इकडची हवा कमी दमट झाली, खारफुटी आणि सदाहरित जंगलाचे कण कमी झाले, उघड्या माळाचे वाढले. कोल्हापुरातनं काम करणाऱ्याने हा पेपर पाठच करावा, कारण कारवारला समुद्राला मिळणाऱ्या काळी नदीचं खोरं आणि आपला घाटमाथा एकाच रांगेतले.

पण इथंच बघा मजा. जंगल कमी झालं ते पाऊस कमी झाला म्हणून, की लोकांनी कुऱ्हाड चालवली, जाळून शेती केली म्हणून? नुसत्या परागकणांवरनं हे सुटत नाही, गवताचा कण दोन्हीकडं वाढणारच. त्याला दुसरी साक्ष लागते जी माणसाच्या कुऱ्हाडीनं बदलत नाही, आणि ती साक्ष म्हणजे तेच फोरॅम. म्हणून माझं म्हणणं असं की समुद्राचा कोअर घेऊन तुम्ही फक्त परागकणच मोजणार असाल, आयसोटोप ना तुम्ही करणार ना दुसरं कुणी त्याच कोअरवर केलेलं, तर तो कोअर वाया घालवताय. त्यापेक्षा जमिनीवर या.

समुद्राची दुसरी बाजू म्हणजे सगळं मिसळलेलं. आपल्याकडं गुऱ्हाळावर दहा जणांच्या रानातला ऊस एकाच काहिलीत जातो, गूळ झाल्यावर कुणाचा ऊस कुठला हे विचारून उपयोग नाही, तसंच हे. गगनबावड्यात वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस आणि शिरोळकडं ५००-६०० च्या आसपास, अंतर बघायला गेलं तर एसटीनं अडीच-तीन तास, पण समुद्रातल्या एका स्लाइडवर गगनबावड्याचं जांभूळ आणि माळावरचं गवत एकमेकाला चिकटून बसलेलं दिसणार. ज्याला पूर्ण खोऱ्याची सरासरी पाहिजे त्याला हे चालतंय, उलट सोन्यासारखं आहे, एका तळ्याच्या काठावर एक झाड पडलं म्हणून आलेख हलत नाही. ज्याला दाजीपूरच्या जंगलाचंच काय झालं हे बघायचंय त्याला हे काही कामाचं नाही.

आणि आता खास कोल्हापूरकरांची गोची, जी पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकांच्या पटकन लक्षात येत नाही. आपल्याला समुद्र म्हटलं की मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी डोळ्यासमोर येतं, पण आपलं पाणी तिकडं जातच नाही. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, कृष्णा पूर्वेला जाते, आणि राधानगरीच्या झाडाचा जो कण भोगावतीत पडला तो पार आंध्रातनं बंगालच्या उपसागरात जाणार. म्हणजे जुन्या काळी जाणार होता, आत्ता मधे अलमट्टी आहे, श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे, गाळ तिथंच बसतोय. (अलमट्टीच्या उंचीवर बोलायला लागलो तर हा लेख संपायचा नाही, गप्प बसतो.) त्यामुळं दोन समुद्रांतला कुठला, हा प्रश्न समुद्र का जमीन याच्या आधी सोडवायला लागतो.

सदाहरित जंगल, घाटमाथ्याचं रान यावर काम करायचं असेल तर अरबी समुद्र, आणि तोही गोवा-कारवारच्या पट्ट्यासमोरचा. कोकणातल्या नद्या आखूड, घाटातनं निघाल्या की शंभरेक किलोमीटरच्या आत खाडीत, त्यामुळं त्यांच्या गाळात घाटाच्या उताराचंच रान जास्त. उलट कृष्णेच्या तोंडासमोर कोअर घेतला तर पूर्ण दख्खनचं कोरडं पठार त्यात उतरलेलं, घाटमाथ्याची चिंचोळी पट्टी त्यात बुडून जाते. दख्खन कधी कोरडं झालं, गवत कधी वाढलं, हा प्रश्न असेल तर मात्र बंगालचा उपसागरच. गोदावरीच्या मुखासमोरच्या एनजीएचपी-१६ए नावाच्या कोअरवर असं काम झालंय, आधी पानांच्या मेणावर (पानावरचा मेणाचा थर, तोही गाळात टिकतो) आणि नंतर परागकणांवर, आणि २०१२ च्या त्या मेणाच्या पेपरात कोरड्या हवेत टिकणारी झाडी साधारण ४००० वर्षांपासनं वाढत गेली आणि १७०० वर्षांपूर्वीनंतर तशीच टिकली असं दिसतंय. त्र्यंबकपासनं निघालेल्या नदीची ही गोष्ट, म्हणजे अर्धा महाराष्ट्र त्यात आला.

वाऱ्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. पावसाळ्यात वारा समुद्राकडनं जमिनीकडं, तेव्हा इकडचे कण तिकडं जाणं अवघड. हिवाळ्यात उलटा, जमिनीकडनं समुद्राकडं, आणि आपल्याकडची बरीच झाडं डिसेंबर ते एप्रिल फुलतात, तर थोडे कण उडून जातात. शिवाय अरबस्तान-इराण बाजूची धूळ वरच्या हवेतनं येते, तिच्यासोबत चंदनबटवा-राजगिऱ्याच्या कुळाचे आणि आर्टेमिसियाचे, म्हणजे दवण्याच्या जातीच्या झुडपांचे, कण येतात, ते बघून कोल्हापूर वाळवंट झालं होतं असा निष्कर्ष काढू नका. किनाऱ्याजवळच्या कोअरमध्ये नद्यांचा वाटा मोठा, जितकं खोल समुद्रात जाल तितका वाऱ्याचा वाटा वाढतो आणि एकूण कण कमी होतात.

खारफुटीवर जरा थांबतो, कारण नवीन माणूस हमखास इथं घसरतो. रायझोफोरा, म्हणजे आपली कांदळ, भरपूर परागकण सोडते आणि ते समुद्रात भरपूर मिळतात. आलेखात खारफुटी वाढली की लगेच लिहायचं, मान्सून जोरात होता, गोडं पाणी भरपूर आलं. पण हिमयुगाच्या ऐन काळात, साधारण २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ जवळपास ३०० किलोमीटर रुंद आहे, दक्षिणेला कमी होत जातो, तर तो सगळा पट्टा तेव्हा जमीन होता आणि किनारा तितका पश्चिमेला. मग पाणी वर चढत आलं, सपाट तळावर खाड्या-दलदली झाल्या, खारफुटीला जागा मिळाली, कण वाढले, आणि नंतर किनारा तुमच्या कोअरपासनं लांब गेला तर कण कमी झाले. यात पावसाचा काय संबंध? काही असेल, काही नसेल. म्हणून खारफुटी टक्केवारीच्या बेरजेत धरायची का बाहेर ठेवायची हे आधी ठरवा आणि दोन्ही पद्धतीनं आलेख काढून बघा. जमिनीवरच्या तळ्याला हा त्रास नाही, तळं कुठं चालत जात नाही.

वयाचं बघू. कोअरचं डेटिंग दोन्हीकडं रेडिओकार्बननंच, साधारण ५०,००० वर्षांपर्यंत. समुद्रात फोरॅमचं डेटिंग करतात आणि तिथं एक वजावट करायला लागते, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो, वरच्या पाण्यातसुद्धा काही शतकांचा फरक पडतो, आणि अरबी समुद्रात खालचं पाणी वर येतं त्यामुळं जागेनुसार हा आकडा हलतो. तळ्यात पान-काडी-बी सापडलं तर एकदम स्वच्छ तारीख मिळते, पण सापडायला पाहिजे. ५०,००० च्या पलीकडं जमीन जवळजवळ गप्प, समुद्रात मात्र ऑक्सिजन आयसोटोपचा आलेख जगभरच्या आलेखाशी जुळवून लाखो वर्षं मागं जाता येतं. २०१५ ला जॉइडेस रिझोल्यूशन जहाजानं अरबी समुद्रातल्या लक्ष्मी बेसिनमध्ये ३५५ नंबरच्या मोहिमेत ड्रिलिंग केलं ते तर कोट्यवधी वर्षांच्या हिशोबातलं, आणि तिथं समुद्राखाली झालेल्या एका भल्यामोठ्या भूस्खलनाचा थरही लागला. असले घसरलेले थर, नाहीतर सिंधू नदीनं समुद्रतळावर पसरलेल्या गाळाच्या पंख्यावरनं धावत आलेला गाळ, कोअरमध्ये आहेत का हे आधी बघायचं, नाहीतर वरचं खाली आणि खालचं वर करून तुम्ही मान्सूनचा इतिहास लिहाल.

बारकाईत मात्र समुद्र मार खातो. खोल समुद्रात हजार वर्षांत काही सेंटिमीटर गाळ. समजा ५ सेंमी, तर तुमचा १ सेंमीचा सॅम्पल म्हणजे २०० वर्षांची गोळाबेरीज, त्यात वरनं किडे-अळ्या वरचा पाच-दहा सेंमी गाळ सतत उकरून मिसळत असतात. दुष्काळ, दुर्गादेवीचा म्हणा की कुठलाही, यात दिसायचा नाही. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात गाळ भराभर साचतो, तिथं बारकाई मिळते पण काळ कमी मिळतो, आणि लाटांनी थर हललेले असायची शक्यता. अरबी समुद्राची एक जमेची बाजू म्हणजे साधारण १५० ते १००० मीटर खोलीच्या पट्ट्यात पाण्यात ऑक्सिजन फार कमी, त्यामुळं तिथं किडेही कमी आणि परागकण कुजत नाहीत. कोअर निवडायची मुभा मिळाली तर ह्या पट्ट्यातला मागा. आणि पिस्टन कोअरचा सगळ्यात वरचा भाग बहुतेक वेळा धक्क्यानं जातो, गेली काही शतकं पाहिजे असतील तर त्याच जागेचा बॉक्स कोअर किंवा मल्टिकोअर, म्हणजे वरचा थर न हलवता काढलेला आखूड कोअर, आहे का विचारा.

आता जमीन. इथं मनापासनं वाईट वाटतं, कारण सह्याद्रीत जंगल एवढं, पाऊस एवढा, पण चांगला साठाच नाही. नैसर्गिक तळी जवळजवळ नाहीत. जी आहेत ती राजे-महाराजांनी, गावांनी खोदलेली-बांधलेली, त्यांचं वय काही शतकं आणि त्यातला गाळ मधेमधे काढलेला. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरची, डबकी दिसायला सुंदर, पण मार्च-एप्रिलला आटतात, चिखलाला तडे जातात, हवा आत शिरते आणि परागकण संपले. जांभा तर सगळ्याचाच शत्रू, लोखंड आणि ऑक्सिजन, तिथं काय टिकणार. चुनखडीच्या गुहा बसाल्टमध्ये मिळायच्या नाहीत, तेव्हा मेघालयातल्या मॉम्लुह गुहेसारखं लवणस्तंभाचं काम, ज्याच्यावरनं ४२०० वर्षांपासनच्या काळाला २०१८ मध्ये मेघालयन हे नाव मिळालं, ते इथं विसरायचं.

मग राहतं काय, तर दोडामार्गकडं हेवाळे-बांबर्डेला मायरिस्टिकाची, म्हणजे रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची, दलदल आहे तसल्या बारमाही ओल्या जागा, देवराईतल्या झऱ्याखालचा काळा चिखल, खाडीकाठच्या खाजणाखालची माती. असल्या जागेत खोली एक-दोन मीटर मिळाली तरी नशीब. शिवाय परवानगी, आणि ती मिळायलाच पाहिजे, संरक्षित दलदलीत कोअरर घेऊन कुणालाही न विचारता घुसायचं नाही, देवराईत तर गावाला विचारल्याशिवाय काडीसुद्धा उचलायची नाही. पण मिळाला तर त्या मीटरभर चिखलात जे असतं ते समुद्र कधीच देणार नाही. छोटी जागा म्हणजे आजूबाजूच्या काही शे मीटरचंच रान, कधी तोडलं, कधी जाळलं, कधी परत उगवलं, कोळशाचे बारीक तुकडे त्याच स्लाइडवर मोजायचे. माणूस आणि जंगल यांचा हिशोब बघायचा असेल तर हीच जागा.

महाराष्ट्रातच राहून मोठा काळ पाहिजे तर लोणार आहे, तिथल्या साधारण १० मीटरच्या कोअरवर गेल्या ११,००० वर्षांचा मान्सून काढलाय, ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या कोरड्या काळासकट. पण त्याच्यावर आधीच मोठ्या टीमचं काम झालंय. निलगिरीच्या पीटवर सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ ला कार्बन आयसोटोपवरनं २०,००० वर्षांचा मान्सून दाखवला, ते वाचून आपल्या घाटात पीट का नाही म्हणून हळहळ होतेच.

लॅबचं काम सांगितल्याशिवाय तुलना पुरी होत नाही, कारण निर्णय बऱ्याचदा इथंच होतो. तळ्याच्या एका घनसेंटिमीटर गाळात हजारो कण असतात. समुद्रात फार कमी, म्हणून जास्त गाळ घ्यायला लागतो, आणि गाळ मागितला की कोअर सांभाळणारे मोजूनमापून देतात. किती कमी हे कळायला लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या मोजलेल्या बीजाणूंच्या गोळ्या टाकतात, एका गोळीत साधारण किती बीजाणू हे डबीवर लिहिलेलं असतं. समजा १० ग्रॅम गाळात १०,००० बीजाणू टाकले, आणि स्लाइडवर ५०० लायकोपोडियम मोजेपर्यंत परागकण मिळाले फक्त ५०, तर पूर्ण सॅम्पलमध्ये १००० कण, म्हणजे ग्रॅमला १००. आता तुम्हाला बरी टक्केवारी काढायला २००-३०० कण पाहिजेत. म्हणजे स्लाइडमागनं स्लाइड, नजर लायकोपोडियमवरच घसरत राहते, तिकडं तळ्यावर काम करणारा मित्र दुपारपर्यंत तीनशे मोजून चहाला गेलेला असतो.

केमिकल दोन्हीकडं जवळपास तीच. हायड्रोक्लोरिक आम्लानं कार्बोनेट घालवायचं, मग वाळू-माती विरघळवायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल, आणि ते आम्ल म्हणजे थट्टा नाही, कातडीवर पडलं तर लगेच दुखत पण नाही आणि आत हाडापर्यंत जातं. योग्य फ्यूम हूड, जाड हातमोजे, हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल, हे नसेल त्या लॅबमध्ये पाय ठेवू नका, गाइड कितीही म्हणू दे. मग १० मायक्रॉनची जाळी. तळ्याच्या सॅम्पलला पुढं अॅसिटोलिसिस करतात, म्हणजे नऊ भाग अॅसेटिक अॅनहायड्राइड आणि एक भाग सल्फ्युरिक आम्ल. समुद्राच्या सॅम्पलला हे करण्याआधी थांबा, कारण त्यात डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जीवांचे सिस्ट, म्हणजे चिवट कोश, असतात आणि त्यातले नाजूक प्रकार अॅसिटोलिसिसमध्ये विरघळतात. ते सिस्ट समुद्राच्या वरच्या पाण्याची अवस्था सांगतात, एकाच स्लाइडवर फुकटात मिळणारी साक्ष कशाला घालवायची.

ओळखायचं दुखणं दोघांना सारखंच, पण समुद्रात जास्त. सिलिकॉन ऑइलमध्ये स्लाइड केली की सुईनं काच हळूच टोचून कण गोल फिरवता येतो, वरनं तीन खाचा, बाजूनं मधोमध आडवी भेग, असं बघत बघत ठरवायचं. पण गवत म्हणजे गवत. गोल कण, एकच भोक, भोकाभोवती जाडसर कडं, संपलं. कुसळी, बांबू, भात, आणि तुऱ्याला आलेला ऊस, सगळी एकाच कुळातली आणि चारशेपट मोठं करून बघितलं तरी एकसारखी. म्हणजे शेती वाढली का माळ वाढला हे गवताच्या टक्केवारीवरनं कळत नाही, उद्या कुणी आपल्या काळाचा थर काढला तर कोल्हापूर म्हणजे सवाना होतं असं लिहील. उलट कारवी सात वर्षांनी अख्खा डोंगर जांभळा करते, पण तिचे परागकण कीटक नेतात, हवेत-पाण्यात फार येत नाहीत, त्यामुळं गाळात ती जवळजवळ नसतेच. आपल्या सदाहरित जंगलातली बरीच मोठी झाडं कारवीसारखीच. तळ्यात निदान झाडाखालचा चिखल असतो म्हणून असले कण थोडे मिळतात, समुद्रापर्यंत पोहोचायच्या आधीच ते गळून जातात. मोडके, काळपट, वेगळा रंग धरणारे कण दिसले तर ते जुन्या थरातनं वाहून आलेले असू शकतात, ते वेगळे लिहून ठेवा, हेही समुद्रातच जास्त.

नमुन्यांचा संग्रह जवळ पाहिजे, नाहीतर पुस्तकातल्या फोटोवर किती दिवस काढणार. पुद्दुचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमध्ये पश्चिम घाटाच्या झाडांचा मोठा संग्रह आहे, लखनौची बीरबल साहनी इन्स्टिट्यूट तर १९४६ पासनं ह्याच कामात. पुद्दुचेरीचा विषय निघाला की जी. थनिकैमोनींचं नाव घ्यायला पाहिजे, खारफुटीच्या परागांवर मोठं काम केलेला माणूस, १९८६ मध्ये कराचीत पॅन अॅमच्या विमान अपहरणात गेला. आज आपण खाडीतला कण ओळखतो त्यात त्यांची मेहनत आहे.

पानांचं मेण काय, त्याच्यावर करू का, असंही विचारतात. मशीन असलेली लॅब असेल तर जरूर. झाड का कोरड्या भागातलं गवत, हा फरक मेणातला कार्बन आयसोटोप झटक्यात सांगतो, मोजायला डोळे फोडायला लागत नाहीत. फक्त कुठलं झाड हे कधीच सांगत नाही. ज्याला वनस्पतीत रस आहे त्याला त्यात करमणार नाही.

तर कुणी काय घ्यावं. एमएस्सीचा प्रोजेक्ट, हातात एक सेमिस्टर, तर समुद्राच्या कोअरला हातच लावू नका. सॅम्पल मिळेपर्यंत परीक्षा येते. पीएचडी आहे, प्रश्न पावसाचा आहे, आणि गोव्यातल्या एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) किंवा वास्कोच्या एनसीपीओआर (राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र) यांसारख्या ठिकाणी फोरॅम-आयसोटोप करणारा कुणी सोबत घ्यायला तयार आहे, तर समुद्र, बिनधास्त. पीएचडी आहे पण तुम्ही एकटेच, विभागात एक मायक्रोस्कोप आणि तुम्हाला झाडं ओळखायची आवड, तर जमीन, एखादी चांगली ओली जागा शोधण्यात पहिलं वर्ष गेलं तरी जाऊ दे. नवीन जहाजावर जागा मिळायची वाट बघत बसू नका, आधीच काढलेले कोअर शीतगृहात पडून आहेत. हिंदी महासागरातल्या आंतरराष्ट्रीय ड्रिलिंगचे कोअर जपानमध्ये कोचीच्या कोअर सेंटरला आहेत, नीट कारण लिहून सॅम्पल मागता येतो. आपलं केरळचं कोची नव्हे, तिकिटं काढू नका.

आणि तिसरा एक रस्ता आहे जो मला स्वतःला कोल्हापूरकरासाठी सगळ्यात योग्य वाटतो, निदान एमएस्सीसाठी तरी. गगनबावड्याच्या घाटमाथ्यापासनं करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे करत विजयदुर्गच्या खाडीपर्यंत जा, आणि वाटेत खोल खणायच्या भानगडीत न पडता फक्त वरचा थर गोळा करा, जंगलातलं शेवाळ, ओढ्याचा गाळ, खाडीच्या वरच्या टोकाचा चिखल, मधला, तोंडाजवळचा. आजचं रान डोळ्यासमोर आहे, कुठलं झाड किती हे मोजता येतंय, मग त्यातलं किती टक्के खाडीच्या तोंडाशी पोहोचतं ते बघा. कोणाचा कण वाटेत गळतो, कांदळ कुठनं सगळ्यांना दाबून टाकते, नेच्यांचे बीजाणू पुरात किती वाढतात. समुद्रात काम करणाऱ्याला आणि तळ्यात काम करणाऱ्याला, दोघांनाही हा आजचा हिशोब लागतोच. तारखा काढायचा खर्च शून्य, प्रवास एसटीचा. एकच खबरदारी, एकाच जागेवरनं पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दोन्ही वेळा घ्या, आणि पिशवीवर जागा-तारीख पाण्यानं न जाणाऱ्या पेननं लिहा, आत कागदाची चिठ्ठी टाकली तर ती ओल्या चिखलात कुजते.

पीएचडीवाल्यांनी समुद्राचा कोअर मिळाला तरी सुरुवातीला पूर्ण कोअर कापून मागू नये. वरनं खालपर्यंत लांब अंतरानं पाच-सहा सॅम्पल घ्या, लायकोपोडियम टाकून प्रक्रिया करा, ग्रॅमला किती कण ते काढा. शंभराच्या खालीच येत असेल तर गाइडला त्याच आठवड्यात सांगा आणि दुसरा कोअर मागा.